पात्र आपलं, लेखणी दुसऱ्याची

मराठी नाटकात मुसलमान बहुतेक वेळा कसा येतो? ऐतिहासिक नाटक असेल तर खान म्हणून, सामाजिक असेल तर रहीमचाचा म्हणून. एक जीव घ्यायला येतो, दुसरा कुणाचा तरी जीव वाचवून मरतो. दोघांपैकी कुणालाच खोलीभाडं भरायचं नसतं, एमपीएससीचा निकाल बघायचा नसतो, बहिणीच्या शिक्षणावरून अब्बांशी भांडायचं नसतं.

यावर आपण स्टेटस ठेवतो. राग खराच आहे. पण दोस्तांनो, ते दुसरं नाटक लिहायचं कुणी?

1959 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ आलं. ती 28 वर्षांची होती, आणि ब्रॉडवेवर नाटक आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. गोष्ट साधी: शिकागोतलं एक काळं कुटुंब विम्याच्या पैशातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतं. तिथला एक माणूस भेटायला येतो. शिवी नाही, धमकी नाही, अगदी गोड बोलतो. म्हणतो, तुम्ही येऊ नका, आम्ही पैसे देतो. नागपुरात आडनाव सांगितल्यावर ‘खोली कालच गेली’ हे ज्यानं ऐकलंय, त्याला या प्रवेशाचा अनुवाद करून द्यायची गरज नाही. मग तो आपल्या मराठीत अजून का नाही?

लोक म्हणतील, मुसलमान लेखकांचा वेगळा नाट्यमहोत्सव म्हणजे आणखी एक मोहल्ला. हाच आरोप ऑगस्ट विल्सनवर झाला होता. 1996 च्या गाजलेल्या भाषणात त्यानं हिशेबच मांडला: अमेरिकेतल्या 66 मोठ्या प्रादेशिक नाट्यसंस्थांपैकी काळ्यांची म्हणावी अशी फक्त एक. वेगळं कोण राहतंय, हे त्या आकड्यानेच सांगितलं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? चंद्रपूर जिल्ह्यातून आलेल्या प्रेमानंद गज्वींनी घोटभर पाण्यावर एकांकिका लिहिली. 2019 मध्ये नागपुरात 99 वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष तेच होते. दलित रंगभूमीला कुणी ताट वाढून दिलं नव्हतं. तिने लिहिलं, वस्तीत प्रयोग केले, स्वतःची संमेलनं भरवली.

आपल्यातूनही काही येतील, नाटक हराम म्हणणारे. त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही. मोबाईलवर रात्रभर मालिका त्यांच्याही घरात चालतात.

खरी अडचण भाषेची वाटते. अम्मी उर्दूमिश्रित हिंदीत रागावते, आपण मराठीत उत्तर देतो, बाहेर नागपुरी हिंदी. ‘शुद्ध मराठी येत नाही’ म्हणून किती जणांनी वही मिटली असेल! अरे, झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर चालतात, ती काय पुण्याची मराठी ऐकायला लोक जातात म्हणून? बार्शीचे अमर शेख मराठीचे शाहीर झाले. शफाअत खानांनी ‘शोभायात्रा’ मराठीतच लिहिलं. ही भाषा आपल्याला कुणाकडून उसनी घ्यायची नाहीये.

म्हणून मागणी सरळ आहे. नागपुरात एक नाट्यहंगाम हवा: तिशीच्या आतले लेखक, नवी मराठी नाटकं, निम्म्या तरी मुली. सभागृह नंतर बघू. मोमिनपुऱ्यातल्या एखाद्या शाळेचा हॉल रविवारी रिकामाच असतो. आधी संहिता वाचू, चहा आमचा. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नागपुरातच आहे, प्रवेशिका हौशी संस्थेला भरता येते.

पहिला प्रवेश लिहून आणा. चार पानं पुरेत.