पात्रतेची कलमे

उन्हाळी उमेदवारीसाठी किंवा विद्यार्थी-संशोधनासाठी अर्थसाहाय्य देणारे परिपत्रक महाविद्यालयाच्या फलकावर लागले, की विद्यार्थी आधी रक्कम वाचतो आणि मग अटी. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. रकमेवरून देणाऱ्याची ऐपत कळते, अटींवरून त्याचा हेतू. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे असे देणाऱ्याला वाटते, ते पात्रतेच्या कलमांत लिहिलेले असते.

काही कलमे वाचून पाहू. केंद्र सरकारने 2008 साली सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ उच्चशिक्षण शिष्यवृत्तीत वर्षाला 80,000 रुपये ठरवले गेले आणि त्यांतले 20,000 उन्हाळी संशोधन-प्रकल्पासाठी राखले गेले. पात्र कोण? मूलभूत विज्ञाने शिकणारा, आणि मुख्यतः बारावीला आपल्या मंडळातील वरच्या एक टक्क्यात आलेला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचा त्यात विचारच नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै 2024 मध्ये काढलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरले, पण शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र ठरवला गेला. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा 5,000 रुपये होते. तिथेही पूर्णवेळ शिकणाऱ्याला प्रवेश नव्हता. इकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आखलेल्या अभ्यासक्रमांत नेमक्या त्याच पूर्णवेळ विद्यार्थ्याने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ची चार क्रेडिटे, म्हणजे सुमारे 120 तास, पूर्ण करायचे आहेत. ज्याच्यावर सक्ती तो अपात्र आणि जो पात्र त्याच्यावर सक्ती नाही, असा हा न्याय आहे. त्या योजना रोजगारासाठी होत्या, शिक्षणासाठी नव्हत्या, असे उत्तर मिळेल. ते खरेही आहे. मग शिक्षणासाठीची योजना कोठे आहे, एवढेच विचारायचे उरते.

या प्रश्नाचे वजन गावागणिक बदलते. दादरच्या विद्यार्थ्याला 120 तास म्हणजे फार तर लोकलचा पास. तळेऱ्याच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. कणकवली तालुक्यातले हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. येथूनच एक रस्ता गगनबावड्यावरून कोल्हापूरला चढतो आणि दुसरा विजयदुर्गाकडे उतरतो. रस्त्यांची वाण नाही. परंतु मराठीच्या विद्यार्थ्याला उमेदवारी देऊ शकेल असे प्रकाशनगृह, दप्तरखाना किंवा नियतकालिकाची कचेरी शोधायची तर कोल्हापूर गाठावे लागते, नाहीतर चारशे किलोमीटरहून दूरची मुंबई. त्यात कोकणातला एप्रिल-मे हा आंबा-काजूचा हंगाम. शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाताला काम मिळण्याचे हेच दिवस. बिनपगारी उमेदवारी पत्करणारा विद्यार्थी शहरात खोलीचे भाडे भरतो आणि गावातली मजुरी बुडवतो. त्याच्या प्रगतिपुस्तकात मात्र या दुहेरी तोट्याची नोंद चार क्रेडिटे एवढीच होते.

आणि त्याने बाहेर जावेच का? संशोधनाचा विषय त्याच्या दारात आहे. दशावतारी खेळाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, पण संवाद नट रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतो. एकच आख्यान दोन मंडळी कशी बोलतात, मालवणी कोठे येते आणि ग्रांथिक मराठी कोठे, हे नोंदवणे म्हणजे उत्तम वाङ्मयीन संशोधन. पण जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि खेळ रात्रभर चालतो. ‘उन्हाळी’ आणि ‘मान्यताप्राप्त संस्थेत’ हे दोन शब्द अटींत आले, की दशावताराचा अभ्यासक आपोआप बाद होतो. राज्यात 2006 साली सुरू झालेल्या ‘आविष्कार’ स्पर्धेने मानव्यविद्या आणि भाषांना स्वतंत्र गट दिला, हे चांगलेच झाले. तरीही ती स्पर्धाच. पारितोषिक काम संपल्यावर मिळते, एस.टी.चे तिकीट मात्र काम सुरू करण्याआधी काढावे लागते.

पात्रतेचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पेशवाईत पुण्यात श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा ब्राह्मणांसाठी होती. कंपनी सरकारनेही तो निधी चालू ठेवला. 1849 साली लोकहितवादी आदी सुधारकांनी त्याचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यातला सनातनी वर्ग खवळला आणि जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी आली. पुढे 1855 साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्याच कमिटीपुढे ठेवले, आणि ते नाकारले गेले. दुसरीकडे याच निधीतून भांडारकर आणि रानडे यांच्यासारखे दक्षिणा फेलो उभे राहिले. या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. वेळेवर पैसा मिळाला तर विद्वान घडतो, ही एक. कलम बदलले तरी निवडणाऱ्यांची दृष्टी बदलतेच असे नाही, ही दुसरी.

गुण हीच निःपक्षपाती कसोटी आहे, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की गुणवंताला गौरवण्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत. येथे प्रश्न खर्चाचा आहे, आणि खर्च अंतरावर व गरजेवर ठरतो. महाविद्यालयांकडे पैसा नाही, हा दुसरा आक्षेप. एका सत्कारसमारंभाचा मंडप आणि शाल-श्रीफळे वगळली, तरी काही विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च निघेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. उमेदवारी सक्तीची असेल तर तिचा प्रवास-निवासखर्च संस्थेने आगाऊ द्यावा. उत्तीर्ण असणे पुरे मानावे आणि निवड विद्यार्थ्याच्या एका पानाच्या टिपणावरून करावी. विषयाची आणि ऋतूची अट काढावी. आणि ज्याला नाकारले त्याला नकाराचे कारण लेखी द्यावे.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर शिकण्यासाठी मुंबईला गेले आणि 1832 साली त्यांनी ‘दर्पण’ काढले. त्या काळी गावी राहून ते शक्यच नव्हते. जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही त्याच मुलखातल्या विद्यार्थ्याला आम्ही तोच रस्ता दाखवत असू, आणि तोही स्वखर्चाने, तर पात्रतेची परीक्षा विद्यार्थ्याची नव्हे, आमची व्हायला हवी.