पेशीच्या सालीखालचा नाडा

पेशीविभाजनाचा धडा मुले तोंडपाठ करतात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आकृतीला गुण असतात, त्यामुळे गुणसूत्रांची आकृतीही सुबक येते. मग शेवटी एक ओळ असते: पेशीला मधोमध खाच पडते आणि दोन पेशी तयार होतात. ही खाच पाडते कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. मला विचाराल तर धड्यातली खरी गंमत त्याच ओळीत आहे.

वनस्पतीची पेशी मध्ये नवी भिंत उभी करून मोकळी होते. प्राण्याच्या पेशीला भिंतच नाही. तिच्या पातळ पटलाला आतून चिकटून प्रथिनांच्या धाग्यांची एक जाळी असते. शास्त्रज्ञ तिला कॉर्टेक्स म्हणतात, आपण साल म्हणू. केसाच्या जाडीचा तीन-चारशेवा भाग एवढीच तिची जाडी. धागे अ‍ॅक्टिनचे आणि ते ओढणारे प्रथिन मायोसिन. आपल्या दंडाचा स्नायू आखडतो तोही याच जोडीमुळे.

विभाजनाची वेळ आली की पसरट पेशी आधी गोल होते. मोएसिनसारखी प्रथिने जाळीला पटलाशी जणू टाके घालून बांधतात, साल ताठ होते आणि आत गुणसूत्रांच्या वाटणीला ऐसपैस जागा मिळते. गुणसूत्रे दोन टोकांकडे निघाली की सालीच्या मधल्या पट्ट्यात रो नावाचे प्रथिन जागे होते. ते अ‍ॅक्टिनचे नवे धागे विणायला लावते आणि मायोसिनला कामाला जुंपते. अ‍ॅनिलिन या सगळ्यांना एका जागी धरून ठेवते. असे पेशीभोवती कडे तयार होते आणि आवळत जाते, सलवारीच्या नेफ्यातला नाडा ओढावा तसे. फरक एवढाच की नाड्याची टोके बाहेर लोंबतात. हे कडे मात्र आवळता आवळता स्वतःचे धागे सोडत लहान होते. अगदी शेवटचा बारीक दुवा तोडणारी प्रथिने वेगळी असतात.

हे काम मायोसिनचेच, कशावरून? 1977 साली माबुची आणि ओकुनो या जपानी संशोधकांनी तारामाशाच्या अंड्यापासून झालेल्या पेशींत मायोसिनला रोखणारी प्रतिपिंडे टोचली. केंद्रके विभागत राहिली, पेशी मात्र कापली गेली नाही.

पण नाडा बांधायचा कुठे, हे सालीला कोण सांगते? त्याचे उत्तर शोधणारा प्रयोग मला त्याहून आवडतो, कारण त्याला लागली फक्त काचेची एक बारीक गोळी. अमेरिकेतल्या रेमंड रॅपापोर्ट यांनी 1961 साली सँड डॉलर या चपट्या समुद्री जिवाच्या अंड्याच्या मधोमध ती गोळी दाबली. अंडे मेदूवड्यासारखे झाले. पहिल्या विभाजनात वडा एकाच बाजूने कापला गेला आणि घोड्याच्या नालेसारखी, दोन केंद्रकांची एक पेशी उरली. दुसऱ्या वेळी नालेच्या दोन्ही पायांत खाच पडली, ते अपेक्षितच होते. तिसरी खाच पडली ती वरच्या वळणावर. तिथे वाटली जाणारी गुणसूत्रे नव्हतीच! दोन्ही बाजूंनी येणाऱ्या तंतूंचे फक्त झुबके समोरासमोर होते. म्हणजे सालीला निरोप तंतूंकडून पोहोचतो, गुणसूत्रे मध्ये असलीच पाहिजेत असे नाही. गुणसूत्रांच्या मधल्या तंतूंकडूनही निरोप जातो, हे पुढे कळले.

नाडा आवळला नाही तर एकाच पेशीत गुणसूत्रांचे दुप्पट संच अडकतात. 2005 साली उंदरांच्या स्तनाच्या पेशींवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पी-53 हे राखणदार प्रथिन नसलेल्या अशा दुप्पट पेशींपासून गाठी झाल्या. म्हणून कर्करोगाचे अभ्यासक या सालीकडे बारकाईने पाहतात.

पण दुप्पट संच म्हणजे आजारच, असे मात्र नाही. निरोगी यकृतातही दोन केंद्रकांच्या पेशी सापडतात. अस्थिमज्जेतल्या एका पेशीचे तर हे रोजचेच काम. तिची गुणसूत्रे दुप्पट, चौपट, आठपट होत जातात, पण ती दोन होत नाही. फुगत फुगत अवाढव्य होते आणि मग तिच्यापासून बारीक तुकडे सुटून रक्तात येतात. डेंग्यूच्या तापात रिपोर्ट हातात आला की ज्यांचा आकडा आपण सर्वांत आधी शोधतो, त्या प्लेटलेट म्हणजे हेच तुकडे.