मागच्या सीटवर कोण बसले आहे?

आपल्या बहुतेक घरांत एक मोटारसायकल असते आणि हेल्मेटही एकच. ते चालवणाऱ्याचे. पोलीस दिसले की आरशावरून डोक्यावर येते, चौक ओलांडला की पुन्हा आरशावर जाते. मागे बसलेली बायको, तिच्या मांडीवरचे बाळ, टाकीवर बसवलेला मोठा मुलगा यांच्याही डोक्यासाठी काही विकत घ्यायचे असते, हे अजून आपल्या हिशेबात आलेले नाही. लग्नात मुलाला गाडी देताना हेल्मेट दिलेले आम्ही क्वचितच पाहिले, आणि दोन दिलेली तर एकदाही नाही. पुढे बसणाऱ्याला उपदेश करणारे पुष्कळ आहेत, म्हणून या महिन्यात आम्ही मागच्या सीटबद्दलच लिहीत आहोत.

कायद्यात फट नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा, चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. सवलत आहे ती पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना. स्कार्फ, बुरखा किंवा टोपी घातली म्हणून सवलत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यावरची कारवाई वेगळी नोंदवण्याचे आदेश काढले, तेव्हा आमच्या शाळेच्या फाटकाशी पालकांत मोठी कुरकुर झाली. ती सगळी दंडाबद्दल होती.

आपले खान्देशचे रस्ते कसे आहेत ते वाचकांना सांगायला नको. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला यायचे म्हणजे गुजरातहून निघालेल्या ट्रकांच्या रांगेत चालायचे. जळगावात तर हा महामार्ग वर्षानुवर्षे शहराच्या पोटातूनच गेला. अजिंठा चौक, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक ही ठिकाणे शाळेत जाणाऱ्या मुलांनाही रोज ओलांडावी लागली. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी आंदोलने केली ती उगाच नव्हेत. त्यात कपाशीच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. अशा रस्त्यावर साखरपुड्याला, मय्यतीला, ईद मिळायला आपण सगळे घर घेऊन दुचाकीवर निघतो.

आम्ही वर्गात मुलांना एक गणित घालतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने उभ्या ट्रकवर आदळणे म्हणजे सहा मीटरवरून, साधारण दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडणे. वेग ६० केला तर उंची दीडपट होईल असे मुले म्हणतात. ती सव्वादोन पट होते, १४ मीटर. आणि मागे बसलेल्याचा वेग चालवणाऱ्याइतकाच असतो. फरक एवढाच की मागच्याला समोरचे दिसत नाही, त्यामुळे अंग सावरायला त्याला क्षणभरही मिळत नाही.

हेल्मेटने काय होते, याची एक जुनी गोष्ट आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा चित्रपट ज्याच्यावर निघाला तो इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावात वावरला आणि जिवंत परतला. मे १९३५ मध्ये इंग्लंडातल्या एका गावरस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. २००८ मध्ये जगभरचे ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असे निघाले.

आता बहिणींचा खरा प्रश्न. स्कार्फवर हेल्मेट बसत नाही, टाचण्या टोचतात, अंबाड्यामुळे ते वर उचलले जाते. हे सगळे खरे आहे, आणि उपायही आहेत. अंबाडा वर न बांधता केसांची सैल वेणी घालून मानेवर सोडावी. आत घट्ट सुती टोपी, तिच्यावर पातळ स्कार्फ, टाचणी एकही नाही. स्कार्फची टोके बुरख्याच्या गळ्यात खोचावीत आणि मग हेल्मेट चढवावे. पट्टा हनुवटीखाली लागला पाहिजे, कापडाच्या जाड घडीवर नको. दुकानात जाताना स्कार्फ बांधूनच जावे आणि त्याच्यावर माप घ्यावे. हेल्मेट गालांना दाबून बसले, डोके हलवल्यावर सरकले नाही, म्हणजे ते आपल्या मापाचे. नकाब पातळ आणि एकेरी असेल तर आत सहज राहतो. आणि मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांत हेल्मेट कसे घालायचे म्हणणाऱ्या भावांना एकच विचारावेसे वाटते, त्याच उन्हात तुम्ही डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळता ना?

खरेदीत फसू नका. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून घ्या. १ जून २०२१ पासून दुचाकीची हेल्मेटे या खुणेशिवाय विकता येत नाहीत, तरी रस्त्याकडेला खोटी खूण चिकटवलेली मिळतात. परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर तपासता येतो. वरच्या कवचाखाली थर्माकोलचा जाड थर असतो. आदळल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतःत घेतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते.

डोक्याइतकाच धोका कपड्यांचा आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. ओढणीचे टोक किंवा बुरख्याचा घेर मागच्या चाकात गेला की चाकाच्या फेऱ्यांबरोबर कापड गुंडाळत जाते. एक तर बाई मागे ओढली जाऊन रस्त्यावर पडते, नाहीतर ओढणी गळ्याला आवळते. इसाडोरा डंकन ही प्रसिद्ध नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात अशीच गेली. उघड्या मोटारीत बसली होती आणि गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला. म्हणून तर आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागच्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारे साडीगार्ड ठरवून दिले आहे. आणि आपली तरुण पोरे नवी गाडी घरी आली की आधी तेच काढून माळ्यावर टाकतात, गाडी 'बायकी' दिसते म्हणून! गाडीवर अम्मी बसणार आहे, बहीण बसणार आहे. साडीगार्ड परत लावून घ्या, मेकॅनिकचे थोड्या वेळाचे काम आहे. चेन उघडी असेल तर तिकडेही लक्ष असू द्या. ओढणीची दोन्ही टोके बुरख्याच्या आत, बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली, आणि मागून "चला" ऐकू आल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. कापड अडकलेच तर इंजिन बंद करा, चाक पुढे ढकलू नका, सरळ कापड कापा.

बसण्याच्या पद्धतीवर आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. एका विद्यार्थ्याच्या अम्मी म्हणाल्या, "मॅडम, सासरे अंगणात बसलेले असतात. त्यांच्यासमोर दोन्हीकडे पाय टाकून कसे बसायचे?" एका बाजूला बसले की वजन एकीकडे जाते, दोन्ही पायांना आधार नसतो, आणि अचानक ब्रेक लागला तर शरीर कडेने घसरते. बुरख्याच्या आत सलवार असते, अंग पूर्ण झाकलेले असते. यात बेअदबी कुठली, हे आम्हाला तरी कळत नाही. त्यांना आम्ही एवढेच सुचवले की सध्या कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि तिथे बसा. पण हे सांगायचे काम खरे तर नवऱ्याचे आहे. अब्बांशी त्याने बोलावे, सुनेवर सोडू नये.

रात्रीची आणखी एक गोष्ट. काळा बुरखा अंधारात ट्रकवाल्याला दिसत नाही, शिवाय त्याच्या घेराने मागचा दिवाही कधी झाकला जातो. हेल्मेटच्या मागे आणि पर्सवर चमकणारी पट्टी चिकटवा.

चालवणाऱ्याला दोनच शब्द. मागे माणूस असले की गाडी थांबायला जास्त अंतर लागते, आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर ती घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, बेताने दाबा. रमजानमध्ये मगरिबच्या आधीच्या अर्ध्या तासात रस्त्यावर जी पळापळ होते ती पाहवत नाही. डिकीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा, रोजा रस्त्यात थांबूनही सोडता येतो.

मुलांचा नियम फार जणांना माहीत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, डोक्याला बसणारे हेल्मेट हवे (मुलांचे सायकलचे हेल्मेटही चालते) आणि वेग ४० च्या पुढे नको. १५ फेब्रुवारी २०२३ पासून हे लागू आहे. टाकीवर बसवलेले मूल ब्रेक लागताच हँडलवर आदळते आणि मागून बापाचे सगळे वजन त्याच्यावर येते. मांडीवर बाळ घेतलेल्या आईला तर धरायला हातच उरत नाही.

आणि चौघांचे काय? गाडीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकते, तसे कायद्याचे १२८ वे कलमच आहे. रिक्षाचे भाडे परवडत नाही हे आम्ही जाणतो, आमच्याही घरचा हिशेब पगाराच्या तारखेवर चालतो. पण धुळे-जळगावसारख्या लांबच्या रस्त्याला १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. आई आणि लहान मूल एसटीने, बाप आणि मोठा मुलगा हेल्मेट घालून गाडीवर, असे निघाले तर खर्च किती वाढतो ते एकदा कागदावर मांडून पाहा.