भूमिका कोणाची घ्यावी?

भूमिका घेऊन खेळावयाच्या व्हिडिओ गेममध्ये खेळ सुरू होण्यापूर्वीच एक प्रश्न विचारलेला असतो. पडद्यावर दोन आकृत्या उभ्या राहतात, एक मुलाची व एक मुलीची. आणि या गोष्टीत तुम्ही कोण होणार, असे खेळणाऱ्यास विचारले जाते. पुढचे सारे, म्हणजे डोंगर चढणे, शेत पिकविणे, राक्षसाशी झुंजणे, वाट चुकणे आणि ती पुन्हा सापडणे, त्या निवडलेल्या आकृतीच्या पायांनी व्हावयाचे असते. पुष्कळ मुले या प्रश्नापाशी क्षणभरही थांबत नाहीत. मुलगा मुलाची आकृती घेतो, मुलगी मुलीची घेते आणि खेळ सुरू होतो. परंतु एखाद्या मुलाला मुलीची आकृती आवडते व तो ती घेतो. मग डोंबिवलीच्या एखाद्या इमारतीच्या जिन्यावर, किंवा ठाण्याच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत, त्याचे सोबती त्याला घेरतात. "अरे, हा तर मुलगी झाला!" एवढे एक वाक्य त्याला पुरते. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने आपली निवड बदलतो.

वडीलधाऱ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मुलांचे सगळेच खेळ त्यांना क्षुल्लक वाटतात, त्याला इलाज नाही. वस्तुतः ज्या प्रदेशात ही मुले वाढत आहेत तेथे हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तर एके काळी मोठ्या मानाने दिले गेले आहे. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी यांच्या नावाचे रंगायतन १९७८ पासून उभे आहे. कल्याणात आचार्य अत्रे यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. यांपैकी गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाची नायिका सिंधू. नवरा दारूच्या आहारी गेल्यावर ठिगळांचे लुगडे नेसून जात्यावर दळण दळणारी ही सिंधू १९१९ साली, म्हणजे गडकरी निवर्तले त्याच वर्षी, प्रथम रंगभूमीवर आली. तिला पाहून नाट्यगृहातील स्त्रिया आणि पुरुष सारखेच डोळे पुशीत. तिची भूमिका करणाऱ्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व या नावाने ओळखतो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीता स्वयंवर' केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर स्त्रीची पात्रे पुरुषच करीत आले होते. बालगंधर्वांनी त्या प्रथेला कळस चढविला. ते शालू कसा नेसतात, अंबाडा कसा घालतात, पदर कसा सावरतात, हे पाहून चांगल्या घरच्या स्त्रिया त्याचे अनुकरण करीत. पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. या पुरुषाला कोणी जिन्यात अडवून चिडविल्याचे ऐकिवात नाही. उलट त्यांचे नाटक पाहण्यासाठी लोक गावोगावहून येत.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. नायिका भामिनी बालगंधर्व होते आणि शूर सेनापती धैर्यधराच्या वेषात केशवराव भोसले उभे होते. हे धैर्यधर झालेले केशवराव पोरवयात शारदा म्हणून गाजले होते. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' हे नाटक १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न एका जख्ख म्हाताऱ्याशी ठरवितो, ही त्याची कथा. (पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणू लागले. पण तो कायदा आणणाऱ्या हरविलास सारडा यांच्या आडनावावरून ते नाव पडले आहे. नाटकाच्या नावाशी असलेले साम्य हा केवळ योगायोग.)

आता त्या मुलाचा विचार करून पाहावा. त्याचे स्वतःचे लग्न कोणी म्हाताऱ्याशी लावणार नव्हते. मुलगा म्हणून त्याला ती भीती कधी शिवलीच नसती. तरीही रोज रात्री दिव्यांच्या प्रकाशात उभे राहून त्याला ती भीती आपल्या आवाजात आणावी लागे. बापापुढे मान खाली का जाते, आईपाशी बोलताना शब्द का अडखळतात, हे त्याला शोधावे लागे. लुगडे नेसणे हा त्यातला सोपा भाग होता. दुसऱ्याच्या जागी उभे राहून जग पाहणे हे कठीण काम होते, आणि नटाची किंमत त्यावरूनच ठरे. सोंग घेणे निराळे आणि भूमिका करणे निराळे. सोंग घेणारा दुसऱ्याचे कपडे घालतो. भूमिका करणाऱ्याला त्याच्या अडचणीही आपल्याशा कराव्या लागतात.

मग चिडवणे कोठून आले? तेही आपल्याच घरचे आहे. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले, त्याच महाराष्ट्राने तमाशातील नाच्याची टर उडविली. दोघांचे काम तत्त्वतः एकच. एकाच्या अंगावर भरजरी शालू होता आणि त्याच्यापुढे शहरातील प्रतिष्ठित मंडळी बसत. दुसरा गावच्या जत्रेत, फाटक्या कनातीत उभा राही. मान आणि अवहेलना यांची वाटणी कलेच्या गुणावर झाली नाही, ती प्रेक्षकांच्या ऐपतीवर आणि जातीवर झाली, असेच म्हणावे लागते. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीचा नायक गुणा कागलकर हा तालमीत घुमणारा पैलवान. तमाशाच्या वेडापायी त्याच्यावर नाच्या होण्याची पाळी येते आणि मग घरचे व बाहेरचे त्याला माणसातून उठवितात. या कादंबरीवरील चित्रपट २०१० साली आला तेव्हा पुष्कळांनी तो पाहिला. जिन्यावरचे ते वाक्य उच्चारणाऱ्या मुलाला ठाऊक नसते, की तो नवे काहीच बोललेला नाही. गुणाला गावाने जे ऐकविले तेच तो ऐकवितो आहे. याच्या उलट ठाणे आणि डोंबिवलीतील कितीतरी कुटुंबांची मुळे कोकणात आहेत. ती मंडळी जत्रेला गावी गेली, की रात्रभर दशावतार पाहतात. तेथे आजही राणी, गवळण, पतिव्रता या भूमिका बहुधा पुरुषच करतात आणि त्या नटाचे नाव आजी आदराने घेते. तोच नातू मुंबईकडे परतल्यावर मित्राला चिडवितो, हे नवलच.

व्हिडिओ गेमची गोष्ट मात्र नाटकाहून थोडी वेगळी आहे, हेही मान्य केले पाहिजे. 'माइनक्राफ्ट' हा खेळ पुष्कळ मुलांच्या परिचयाचा आहे. त्यात आरंभी स्टीव्ह ही एकच आकृती होती. २०१४ साली अ‍ॅलेक्स आली. स्टीव्हचा दंड चार चित्रबिंदूंचा, अ‍ॅलेक्सचा तीन. दोघांतील ठळक फरक म्हणजे हा एक बिंदू, आणि वेण्यांची नि कपड्यांची रंगसंगती. दगड दोघेही सारख्याच वेगाने फोडतात. 'पोकेमॉन'मध्ये १९९६ साली केवळ मुलगाच होऊन फिरता येत असे. मुलगी होण्याची सोय जपानात २००० सालच्या 'क्रिस्टल' या खेळात प्रथम झाली. तिच्याही वाटेत तीच रानपाखरे आणि तेच प्रतिस्पर्धी. याहून गमतीची हकीकत 'मेट्रॉइड' या १९८६ च्या खेळाची. त्यातील योद्धा नखशिखांत चिलखतात असतो. खेळणाऱ्यांनी तो पुरुषच असणार असे धरून चालावे, अशीच त्याची मांडणी. जो खेळ चपळाईने संपवी, त्याच्यापुढे शेवटी ते शिरस्त्राण उतरे आणि आतून एक स्त्री बाहेर येई. कितीतरी मुलगे तासन् तास स्त्री होऊन लढले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यामुळे त्यांचे काही बिघडल्याची नोंद नाही.

तेव्हा निवडीने मुलाचे काही बिघडत नाही, हे खरे. पण निवडीने आपोआप काही शिकताही येत नाही. मुलीची आकृती घेऊन तलवार फिरविली म्हणजे मुलीचे जगणे कळले, असे समजणे हा भाबडेपणा होईल. शारदा करणाऱ्या पोराला जे रोज शोधावे लागे, ते खेळाचे बटण दाबणाऱ्याला कोणी शोधावयास लावीत नाही. त्याने ते आपणहून शोधावे, निदान आपल्या बहिणीला व वर्गातील मुलींना काय वाटते ते विचारावे.

आणि तसे विचारू गेल्यास नाटकाच्या त्या वैभवाची दुसरी बाजूही दिसू लागते. पुरुषाला राजा होण्याची मोकळीक होती, राणी होण्याचीही होती. स्त्रीला दोन्हींची नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहना'त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एका माणसाने दोन्ही व्हावे, हे कौतुकाचेच आहे. पण सीतेच्या जागी उभी राहू शकेल अशी एखादी मुलगी तेव्हा या मुलखात कोठेतरी असेलच, आणि तिला कोणी विचारलेले नव्हते. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कामे केली, त्याला मोठे धैर्य लागले. केवळ स्त्रियांच्या अशा काही नाटक मंडळ्याही होत्या. तेथे पुरुषांच्या भूमिका स्त्रिया करीत. मात्र त्यांच्या वाट्याला बालगंधर्वांचा मान आला नाही. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या शिकलेल्या स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे वारे फिरू लागले. शालू कसा नेसावा हे इतकी वर्षे स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे, यातील विनोद त्या काळच्या फारशा लोकांना कळला नसावा.

आजची मुलगी पडद्यावर मुलगा होते, तेव्हा दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी घडत असू शकतात. एक, तिला ती आकृती आवडली, किंवा राजपुत्र होऊन पाहावे असे वाटले. त्यात कोणी नाक खुपसू नये. दुसरी गोष्ट इतकी साधी नाही. अनेक जण एकाच वेळी इंटरनेटवरून खेळतात अशा खेळांत मुलीचे नाव दिसले, की काही मुले खेळ सोडून तिच्या मागे लागतात. कोणी नको ते बोलतो. कोणी तिला काही येत नाही असे धरून चालतो. ती हरली तर मुलगी म्हणून हरली आणि जिंकली तर कोणीतरी मदत केली असणार, असा निकाल लागतो. मग ती मुलाची आकृती आणि मुलाचे नाव घेते व मायक्रोफोन बंद ठेवते. पाहणाऱ्याला ही निवडच वाटते. खरे पाहता तिला एका दारातून बाहेर काढले आहे म्हणून ती वेष बदलून दुसऱ्या दारातून आत आली आहे. वेष पालटून अनोळखी माणसाचा विश्वास संपादणारे आणि मग त्याला फसविणारे लोकही इंटरनेटवर असतात, आणि त्यांच्यापासून मुलांनी सावधच राहिले पाहिजे. परंतु ही मुलगी कोणाला फसवीत नाही. ती स्वतःला वाचविते आहे. तिच्या निवडीबद्दल तिला जाब विचारण्याऐवजी तिच्या संघातील मुलांनी आपले बोलणे तपासावे, हे अधिक न्यायाचे.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केली. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आज डोंबिवलीच्या मुली आपल्याच नावाने नाटकांत कामे करतात, बक्षिसे मिळवितात. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. त्यांतलीच एखादी मुलगी रात्री अभ्यास आटोपून अर्धा तास खेळावयास बसते. मायक्रोफोन बंद असतो. तिच्या अचूक चालीमुळे संघ जिंकतो आणि कल्याणचा एक अनोळखी मुलगा मनापासून लिहितो, "भावा, मस्त खेळलास!" ती थोडा वेळ पडद्याकडे पाहते आणि 'थँक्स' एवढेच उत्तर पाठविते.