अक्षर बदलते, ध्वनी टिकतो

परकीय भाषा शिकणे म्हणजे रूपांची घोकंपट्टी करणे, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकवावयाच्या परकीय भाषांत स्पॅनिशचाही उल्लेख केला आहे. ही भाषा संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. घराण्यातील पहिलीच शिकणारी पिढी तिच्याकडे वळेल, तेव्हा ती कशी शिकवली जाते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ‘हे अपवाद आहेत, पाठ करा’ असे उत्तर वारंवार मिळाले, की विद्यार्थी भाषेला नव्हे, स्वतःच्या बुद्धीला दोष देऊ लागतो.

स्पॅनिशमधील ‘सबजंक्टिव्ह’ हे याचे ठळक उदाहरण आहे. इच्छा, विनंती, शंका व्यक्त करताना क्रियापद हे रूप घेते. इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला ते अवघड वाटते, कारण ‘तू पुस्तक शोधावेस अशी माझी इच्छा आहे’ हे सांगताना इंग्रजी क्रियापदाला असे वेगळे रूप लागत नाही. मराठी मुलाला मात्र ‘शोधतोस’ आणि ‘शोधावेस’ यांतील भेद लहानपणापासून ठाऊक असतो. आपला विध्यर्थ सर्वस्वी तसाच नाही. ‘वही शोधावी’, ‘पुस्तक शोधावे’ असे आपले रूप कर्मानुसार बदलते, तर स्पॅनिशमध्ये ते कर्त्यानुसार बदलते. तरीही दोहोंमागील भाव जवळचा आहे.

रूप घडवण्याचा नियमही सोपा आहे. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदात ‘ए’ स्वर येतो, इतरांत ‘आ’. बोलणे या अर्थाच्या ‘आब्लार’चे ‘आब्ले’ होते. गोंधळ होतो तो लेखनात. रोमन ‘सी’ हे अक्षर ‘आ’पूर्वी ‘क’ असे उच्चारले जाते. ‘ए’ व ‘इ’पूर्वी लॅटिन अमेरिकेत त्याचा ‘स’ होतो. म्हणून शोधणे या अर्थाच्या ‘बुस्कार’चे ‘बुस्के’ लिहिताना ‘सी’च्या जागी ‘क्यू-यू’ येते. अन्यथा तो शब्द ‘बुसे’ असा वाचला जाईल. पैसे देणे, म्हणजे ‘पागार’, याचे ‘पागे’ लिहिताना ‘जी’नंतर मूक ‘यू’ घालतात. नाही तर उच्चार ‘पाखे’ होईल. निवडणे या अर्थाच्या ‘एस्कोखेर’मध्ये उलट घडते. ‘एस्कोखा’ लिहिताना ‘जी’ जाऊन ‘जे’ येतो, कारण ‘जी’ तसाच ठेवल्यास ‘एस्कोगा’ वाचले जाईल. ओलांडणे या अर्थाच्या ‘क्रुसार’चे ‘क्रुसे’ होताना ‘झेड’चा ‘सी’ होतो, तो केवळ ‘ए’पूर्वी ‘झेड’ न लिहिण्याच्या रूढीमुळे.

या सर्व रूपांत अक्षर बदलले. धातूचा ध्वनी जागचा हलला नाही. उच्चाराप्रमाणे लेखन असावे, हे तत्त्व आंतोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ च्या आपल्या कास्तीयन व्याकरणात मांडले होते. या रूपांत तेच तत्त्व दिसते. त्यांना ‘अनियमित’ म्हणणे नियमावरच अन्याय करणारे आहे.

मराठीत याच्या नेमके उलट घडते. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘ई’ स्वर येताच ‘झ’चा उच्चार बदलतो, पण अक्षर तेच राहते. आपण ध्वनी बदलू देतो आणि अक्षर राखतो; स्पॅनिश अक्षर बदलते आणि ध्वनी राखते. ही तुलना वर्गात एकदा केली, तर तक्त्यातील अनेक ओळी पाठ करण्याची गरज उरणार नाही. शिवाय ‘मी शोधले’, ‘मी पैसे दिले’ या भूतकाळी रूपांतही हेच अक्षरबदल येतात. एकदा उमगलेले कारण तेथेही उपयोगी पडते.

पाठांतर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. असणे या अर्थाच्या ‘सेर’चे ‘सेआ’, जाणे या अर्थाच्या ‘इर’चे ‘बाया’ ही रूपे स्मरणातच ठेवावी लागतात. परंतु जेथे कारण आहे तेथे ते सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि ते विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. शब्द आधी मोठ्याने म्हणावा, मग लिहावा. परीक्षेतही रूपाबरोबर त्याचे कारण विचारले जावे. पालकांनीही ‘किती गुण मिळाले’ याआधी ‘असे का लिहितात’ हे पाल्याला विचारावे. त्याचे उत्तर देऊ शकणारे मूल पुढची कोणतीही भाषा निर्भयपणे शिकू शकेल.