आधी वर्ग, मग दरबार

पेकिंगचा राजवाडा पाहून आलेला मराठी प्रवासी प्रथम त्याच्या विस्ताराची गोष्ट सांगतो. 72 हेक्टरांचे आवार, 1406 ते 1420 अशी चौदा वर्षांची बांधणी आणि तेथे नांदून गेलेले चोवीस बादशहा! सामान्य चिनी माणसास मात्र पाच शतके तेथे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. पदच्युत पू यी यास 1924 मध्ये बाहेर काढले गेले आणि पुढच्या वर्षी 10 ऑक्टोबरला तेथे संग्रहालय उघडले, तेव्हा कोठे ती बंदी संपली.

आम्हांस या प्रवाशांचा हेवा नाही. परंतु इस्लामपुराहून निघून जो गृहस्थ चीनचे सिंहासन पाहून येतो, त्याने साताऱ्याचा राजवाडा पाहिला आहे काय? त्याच्या आजोबांनी तो बहुधा पाहिला असेल. हौसेने मात्र नव्हे! 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा होईपर्यंत वाळवे तालुका साताऱ्यास जोडलेला होता आणि तेथील नव्या राजवाड्यात न्यायालय भरे. बांधाच्या तंट्याने भल्याभल्यांना त्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

जुना वाडा प्रतापसिंह महाराजांनी 1824 मध्ये बांधविला. 1839 मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीस धाडले. रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडले. पण महाराज 1847 मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. पुढे या वाड्यात प्रतापसिंह हायस्कूल भरू लागले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिच्या रजिस्टरात एक नाव चढले: भिवा रामजी आंबेडकर.

पेकिंगचा वाडा प्रेक्षकांस खुला झाला, साताऱ्याचा विद्यार्थ्यांस. आमच्या मते हे दुसरे उघडणे अधिक मोलाचे होय. अर्थात ते पुरते उघडणे नव्हते. साताऱ्याच्या शालेय दिवसांत आपणांस वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे.

म्हणूनच वाड्याच्या जीर्णोद्धाराची भाषा निघते तेव्हा आम्हांस थोडी धास्ती वाटते. महिरपी, झुंबरे, मखमली गाद्या यांनी दरबार सजविणे सोपे असते. त्या भरात शाळेची खूण पुसली जाऊ नये. रजिस्टरातील ती नोंद आणि गोणपाटाची ती हकीकत वाड्यातच वाचावयास मिळाली पाहिजे. वाळव्यातील शाळांनी आपल्या सहली तेथे अवश्य न्याव्यात, आणि मुलांना आधी वर्ग दाखवावा, मग दरबार.