ऐच्छिक सुट्टी मालकाच्या मर्जीवर नको! पंचवटीतल्या छोट्या आस्थापनांना हवा लेखी नियम

पंचवटीत सण म्हणजे सुट्टी नव्हे, गर्दीचा दिवस. रामनवमी, चैत्रातला रथोत्सव, श्रावणी सोमवार... या दिवशी रामकुंड परिसरातल्या लॉज, खाणावळी आणि पूजासाहित्याच्या दुकानांत धंदा जोरात असतो. मग तिथल्या कामगारांनी स्वतःचा सण कधी साजरा करायचा?

कायदा काय सांगतो?

राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे दिवस ठरलेले. उरलेले 4 मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायचे. त्या दिवशी कामावर बोलावलं, तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी. 8 दिवसांची नैमित्तिक रजा वेगळी.

मात्र हा नियम 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 वर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे बारा-पंधरा जणांच्या दुकानात कायद्याचा आधार जाऊन मालकाचा शब्दच उरतो. म्हणूनच तो शब्द कागदावर हवा.

अडचण कुठे?

चार दिवस बहुमताने ठरतात. गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळीचे दोन दिवस धरले की यादी संपली. ज्याला ईद, नाताळ, 14 एप्रिल किंवा बुद्धपौर्णिमा महत्त्वाची, त्याने काय आजारपणाचं कारण सांगायचं? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना यादीतून 2 ऐच्छिक सुट्ट्या निवडता येतात. छोट्या दुकानातही हे जमू शकतं.

नियमात काय असावं?

- ठरलेल्या 8 सुट्ट्यांशिवाय प्रत्येकाला 2 पगारी ऐच्छिक सुट्ट्या. त्या नैमित्तिक रजेतून कापू नयेत.
- कारण विचारू नये. सण असो वा गावची जत्रा, दिवस कामगाराचा.
- 15 दिवस आधी कळवावं. ईदसारख्या चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सणाला एक दिवस मागेपुढे करण्याची मुभा हवी.
- एका दिवशी एक तृतीयांशापेक्षा जास्त जण सुट्टीवर नकोत. मागणी जास्त आली, तर मागच्या वेळी नकार मिळालेल्याला आधी संधी.
- ज्या दिवशी कुणालाच सुट्टी नाही, ते दिवस जानेवारीतच जाहीर करावेत.

मालकाला परवडेल?

12 कामगार आणि वर्षाला 300 कामाचे दिवस धरले, तर एकूण 3,600 मनुष्यदिवस होतात. दोन ऐच्छिक सुट्ट्यांचे त्यात 24 दिवस, म्हणजे एक टक्काही नाही. ऐनवेळी न सांगता पडणारा खाडा यापेक्षा महाग पडतो.

खरी परीक्षा 2027 मध्ये

सिंहस्थात नाशिकची अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर 2027 रोजी आहेत. 31 ऑगस्टला पोळा, तर 11 सप्टेंबरला गणेशोत्सव सुरू असेल. म्हणजे गावाकडे जायची ओढ आणि दुकानातली सर्वाधिक गर्दी एकाच दिवशी. त्या दिवशी सुट्टी देणं शक्य नसेल, तर बदल्यात कोणता दिवस आणि किती पैसे, हे आधीच लिहून ठेवावं. गर्दीच्या दिवशी थांबणाऱ्या कामगाराला एवढी खात्री मिळायलाच हवी.